‘मी मरणार नाही, तर जगेन’ असं कार्ड आलं होतं, मग हे का गेले?

सलाम ताई,

तुम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते ऐकल्याशिवाय पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. नाही, तुमचा विश्वास कमी पडला म्हणून तुमचे मिस्टर गेले नाहीत. आणि डायलिसिस चालू ठेवलं म्हणून तर नाहीच नाही. किडन्या बंद पडलेल्या माणसाचं डायलिसिस थांबवलं की तो काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जातो. तुम्ही हट्टाने ते चालू ठेवलंत म्हणून ते ऑगस्टपर्यंत तुमच्याजवळ होते, मुलाच्या वाढदिवसाला होते. ही गोष्ट कुणी काहीही म्हणो, बदलत नाही.

आता बाकीच्या वाचकांसाठी ताईंचं पत्र थोडक्यात सांगते, नाव गाव काढून. मिस्टर डायलिसिसवर होते. ३१ डिसेंबरच्या रात्री वॉच नाईटच्या भक्तीला आपल्याकडे बऱ्याच चर्चमध्ये ताटातून वर्षाच्या वचनाचं कार्ड उचलायला देतात तसं त्यांनी उचललं, आणि आलं स्तोत्र ११८ मधलं १७ वं वचन, ‘मी मरणार नाही, तर जगेन’. सगळे रडले, आनंदाने. कार्ड लॅमिनेट करून फ्रीजवर लावलं. मग घरी प्रेअरला येणाऱ्या एका ब्रदरांनी सांगायला सुरुवात केली की देवाने आता शब्द दिलाय, तुम्ही मशीनवर भरवसा ठेवताय, मशीन सोडा म्हणजे विश्वास दिसेल. ताईंनी सोडलं नाही. ऑगस्टमध्ये मिस्टर गेले. आणि स्मरणार्थ भक्तीला, घरात नातेवाईक बसलेले असताना, त्याच ब्रदरांनी मार्क ११:२४ वाचलं, जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा म्हणजे मिळेल, आणि वर म्हणाले की कुठेतरी विश्वासात फट राहिली. ताई विचारतात की ती फट मीच का? आणि वचन खोटं ठरलं म्हणायचं का? आणि बारावीतला मुलगा म्हणतो ‘तुमचा देव फक्त कार्डावर आहे’, त्याचं काय करू?

ताई, मी पण याच मंडळीत वाढलेली बाई आहे, बरं होण्यासाठी प्रार्थना करते, लोकांसाठी करते, देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. हे मुद्दाम सांगते कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणेल की या बाईचा प्रार्थनेवरच विश्वास नाही. आहे. म्हणूनच राग येतो.

कार्डापासून सुरू करू. स्तोत्र ११८ आज रात्री पूर्ण वाचा, २९ च वचनं आहेत. वाचल्यावर लक्षात येईल की ते ‘मी मरणार नाही’ म्हणणारा माणूस संकटात बसून पुढचं काही मागत नाहीये, तो संकटातून बाहेर आलेला आहे आणि मंदिराच्या दारात उभा राहून साक्ष देतोय. शत्रूंनी मला मधमाश्यांसारखं घेरलं होतं, मला ढकललं, मी पडणारच होतो, परमेश्वराने शिक्षा केली पण मरणाच्या हाती दिलं नाही, आता दारं उघडा, मला आत येऊन उपकार मानू द्या. म्हणजे ही एका सुटलेल्या माणसाची आणि त्याच्याबरोबर सगळ्या लोकांची उपकारस्तुती आहे. ती वाचून आपल्याला धीर येतो, यावा, त्यासाठीच ती आहे. पण ती ताटातून उचलून ‘हे तुझ्यासाठी, या वर्षासाठी, देवाचा लेखी शब्द’ असं म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी घेऊन मेडिकलमधून आपल्यासाठी औषध आणणं झालं. औषध खरं असतं, डॉक्टर खरा असतो, पण ती चिठ्ठी आपल्या नावाची नसते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसले ती. स्तोत्र ११३ ते ११८ ही यहुदी लोक वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, जेवणाला म्हणायचे, शेवटची काही जेवणानंतर. मार्क आणि मत्तय दोघेही सांगतात की शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले. कोणतं स्तोत्र ते तिथे लिहिलेलं नाही, पण ती वल्हांडणाची रात्र होती म्हणून बहुतेक अभ्यासक म्हणतात की हीच स्तोत्रं, आणि त्यात शेवटचं हे ११८ वं. जरा विचार करा ताई. ‘मी मरणार नाही, तर जगेन’ हे शब्द त्या रात्री प्रभूच्या तोंडात होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो वधस्तंभावर मेला. तुमच्या फ्रीजवरचं वचन ज्याने सगळ्यात खऱ्या अर्थाने म्हटलं त्यालाच त्या वचनाने मरणापासून वाचवलं नाही. मग त्याच्या विश्वासात फट होती का? त्या ब्रदरांना हे विचारायची माझी फार इच्छा आहे.

मला माहितीये इथे लगेच कोणीतरी म्हणेल की पण तिसऱ्या दिवशी तो उठला, म्हणून वचन खरंच ठरलं, तुमचे मिस्टर पण उठतील, हालेलुया, विषय संपला. पुनरुत्थान माझ्या विश्वासाचं मूळ आहे, त्याच्याशिवाय बाकी सगळं पोकळ आहे हे प्रेषित पौलानेच करिंथकरांना लिहून ठेवलंय. पण ते कुणाचं रडणं बंद करायला वापरू नये. मित्र लाजराच्या कबरेपाशी प्रभूला माहीत होतं की पाच मिनिटांत आपण त्याला उठवणार आहोत, तरी तो आधी रडला. लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघी त्याला तोंडावर बोलल्या की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, तर त्याने ‘तुमचा विश्वास कमी’ असं म्हटलं नाही.

प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारे मार्टिन ल्यूथर, त्यांना ११८ वं स्तोत्र सगळ्यात प्रिय होतं. १५३० मध्ये त्यांना जर्मनीतल्या कोबुर्गच्या किल्ल्यात महिनोन्महिने राहावं लागलं, जिवाला धोका होता, तिथे त्यांनी या स्तोत्रावर लिहिलं, आणि हेच १७ वं वचन भिंतीवर लिहून ठेवलं होतं असं सांगतात. त्याच मुक्कामात वडील गेल्याची बातमी आली. तर त्यांच्याबरोबर असलेल्या माणसाने लिहून ठेवलंय की ल्यूथर स्तोत्रसंहिता घेऊन खोलीत गेले आणि इतके रडले की दुसऱ्या दिवशी डोकं जड झालं होतं. भिंतीवर ते वचन आणि हातात तेच पुस्तक, आणि माणूस ढसाढसा रडतोय. यात मला तरी कुठे विरोध दिसत नाही.

आता वचन सुटं तोडण्याबद्दल. आपल्याला बायबलमध्ये जे आकडे दिसतात ना, ११:२४ वगैरे, ते मूळ लिहिणाऱ्यांनी घातलेले नाहीत. अध्याय पडले तेराव्या शतकात, आणि नव्या करारातल्या वचनांचे आज आपण वापरतो ते आकडे १५५१ मध्ये रोबेर एस्तियेन नावाच्या छापखानेवाल्याने घातले. शोधायला सोपं जावं म्हणून, आणि खरंच सोपं जातं. पण त्यामुळे आपल्याला सवय लागली की एक आकडा म्हणजे एक पूर्ण गोष्ट, उचलली आणि कार्डावर छापली. आणि सुटं वचन किती धोक्याचं असतं हे दाखवायला बायबलनेच एक प्रसंग ठेवलाय. अरण्यात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो, उडी मार, कारण असं लिहिलंय की तो आपल्या दूतांना आज्ञा देईल, ते तुला हातावर झेलतील. हे लिहिलंय कुठे? स्तोत्र ९१ मध्ये. तेच ९१ जे आपण गाडीला लावतो, घराच्या दारावर लावतो. शब्द बरोबर, वचन बरोबर, पण मागणी अशी की विश्वास असेल तर जीव धोक्यात घालून दाखव. येशूने उडी मारली नाही, देवाची परीक्षा पाहू नको म्हणाला. ताई, ‘मशीन सोडा म्हणजे विश्वास दिसेल’ ही मागणी कुठल्या मागणीसारखी वाटते ते तुम्हीच बघा. मी त्या माणसाला सैतान म्हणत नाहीये, त्याला कदाचित मनापासून वाटत असेल, पण ती मागणी तीच आहे. आणि तुम्ही उडी मारली नाहीत, येशूनेही मारली नव्हती.

मार्क ११:२४ बद्दल तर मला फक्त एवढंच म्हणायचंय की पुस्तक पुढे वाचा. तीन अध्याय पुढे, १४ मध्ये, हे वाक्य बोलणारा तोच येशू पकडला जाण्याआधी गेथशेमानेत जमिनीवर पडून मागतोय की हा प्याला, म्हणजे हे समोर आलेलं मरण, माझ्यापासून दूर कर, तुला सगळं शक्य आहे. आणि लगेच म्हणतो, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. प्याला दूर झाला नाही. मग ११ मधलं वाक्य जर ‘पक्कं धरलं की मिळालंच’ असं मशीनसारखं असेल तर १४ मध्ये ते स्वतः येशूलाच लागू पडलं नाही म्हणायचं. तसं नाहीये हे उघड आहे, म्हणजे ११ मधल्या वाक्याचा अर्थ लावताना १४ सोबत ठेवूनच लावावा लागेल. दोन्ही त्याच मार्कने लिहिलंय. आणि ११:२४ च्या लगेच पुढे, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा असं आहे, ते कुणी कार्डावर छापत नाही.

विश्वासाचं माप आणि निकाल यांचं गणित जुळत नाही हे बायबल इतक्या ठिकाणी दाखवतं की मला आश्चर्य वाटतं लोकांना ते दिसत कसं नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२. हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं, एका वाक्यात, संपलं. मग पेत्राला पकडलं, आणि त्याला दूताने रात्री साखळ्या तोडून बाहेर काढलं. एकाच मंडळीतले दोघे प्रेषित, एकाच प्रभूचे, एक गेला एक राहिला, आणि का ते हे पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही, अजिबात नाही. पुढचं तर बघा. पेत्र सुटून ज्या घरी लोक त्याच्यासाठीच प्रार्थना करत बसले होते तिथे येऊन दार ठोकतो. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते आणि सांगते पेत्र आलाय. तर ते प्रार्थना करणारे लोक म्हणतात, तुला वेड लागलंय. पेत्र बाहेर ठोकत उभा! म्हणजे ज्यांची प्रार्थना ऐकली गेली त्यांचाच ती ऐकली गेल्यावर विश्वास बसेना. मग विश्वासात फट होती म्हणून पेत्र तुरुंगातच राहायला हवा होता ना, त्या ब्रदरांच्या हिशोबाने?

इब्री ११ पण असाच अध्याय आहे, विश्वासाच्या वीरांचा. कोणी सिंहांची तोंडं बंद केली, कोणी तलवारीच्या धारेतून निसटले, आणि त्याच दमात लिहिलंय की दुसऱ्यांना धोंडमार झाली, करवतीने चिरलं. आणि शेवटी त्या सगळ्यांच्या विश्वासाबद्दल चांगली साक्ष दिलीये, वाचलेल्यांच्या आणि चिरलेल्यांच्या पण.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण मला हिज्कीया राजाचं वाटतं, २ राजे २०. तो मरायला टेकला होता, भिंतीकडे तोंड करून रडला, प्रार्थना केली, आणि देवाने यशया संदेष्ट्याकडून निरोप पाठवला की ऐकलं, बरा करतो, १५ वर्षं वाढवतो. हा खरा, नावानिशी दिलेला शब्द होता, ताटातून उचललेला नाही. आणि त्यानंतर यशया काय म्हणतो? अंजिरांचा लेप आणा आणि गळवावर लावा. लावला, आणि तो बरा झाला. देवाचा शब्द मिळाल्यावरसुद्धा लेप लावला, आणि लेप लावला म्हणून कुणी म्हटलं नाही की राजाचा विश्वास अंजिरावर आहे. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, आणि त्रफिम नावाच्या सोबत्याला मिलेत इथे आजारी ठेवून पुढे जावं लागलं. पौलाच्या हातून इतके लोक बरे झाले, तरी त्रफिम आजारीच राहिला. त्रफिमाचा विश्वास कमी होता असं एक अक्षर नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगते, कारण ते ब्रदर ती तुम्हाला दाखवतीलच. येशूच्या स्वतःच्या गावात, नासरेथमध्ये, लोकांच्या अविश्वासामुळे येशूने फार अद्भुतं केली नाहीत असं लिहिलेलं आहे, खरंय. पण ते कोण लोक होते? त्याला ओळखून असलेले, हा तर सुतार, याची आई आम्हाला माहीत आहे असं म्हणून नाक मुरडणारे. नवऱ्याच्या कॉटशेजारी रात्रभर त्याचं नाव घेत बसलेली बाई म्हणजे नासरेथ नव्हे. तिच्यासारखा माणूस मार्क ९ मध्ये आहे, आजारी मुलाचा बाप, जो रडून म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मदत कर. अर्धा अर्धा विश्वास, सरळ तोंडावर कबूल केलेला, आणि प्रभूने त्याला परत पाठवलं नाही. आणि याकोबाच्या पत्रातलं पाचव्या अध्यायातलं तेल लावायचं जे आहे, तिथेही दुखणाइताने फक्त मंडळीच्या वडील मंडळींना बोलवायचंय, प्रार्थना त्यांनी करायचीये. फट शोधायचीच असेल तर त्या वचनाप्रमाणे आधी प्रार्थना करणाऱ्यांच्यात शोधावी लागेल. मी तीही शोधू नका म्हणते.

हे जे स्मरणार्थ भक्तीला झालं त्यासाठी बायबलमध्ये एक अख्खं पुस्तक आहे, ईयोब. या भल्या माणसाची मुलं, संपत्ती, तब्येत सगळं जातं. मित्र येतात, सात दिवस जमिनीवर गप्प बसतात, तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मग तोंड उघडतात आणि अध्यायच्या अध्याय ऐकवतात की तुझंच काहीतरी चुकलं असेल. त्यांची भाषणं वाचा, काय सुंदर वाक्यं आहेत, वचनाच्या कॅलेंडरवर अगदी शोभून दिसतील. आणि ४२ व्या अध्यायात देव स्वतः अलीफजाला म्हणतो की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर पेटलाय, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जे बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ईयोब काय बोलला होता? तो भांडला होता, ओरडला होता, माझा जन्म का झाला म्हणाला होता. म्हणून वचन वाचताना कोण बोलतंय, कुणाला, कुठल्या प्रसंगात, हे आधी बघायचं, नाहीतर आपण अलीफजाचं वाक्य देवाचं म्हणून एखाद्या विधवेला ऐकवून बसू.

आपल्या इथलंच सांगायचं तर पंडिता रमाबाई. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली प्रार्थनेचं जे मोठं जागरण झालं त्याचा दाखला सगळे देतात. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या हयातीतच गेली, आणि त्या स्वतः १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. मधल्या काळात त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या. त्यांना कुणी जाऊन म्हणेल का, बाई तुमच्या विश्वासात फट होती?

मुलाबद्दल. तो सतरा अठराचा असेल. त्याने ती कार्डावाली रात्र पाहिली, बाबांचं शेवटचं पाहिलं, आणि मग घरात माणसं भरलेली असताना आईला दोषी ठरवलेलं ऐकलं. तो ज्या देवाला नाही म्हणतोय तो देव मी पण मानत नाही, आणि हे त्याला सांगायला हरकत नाही. चर्चला ओढून नेऊ नका, त्याच्या तारणासाठी त्याच्यासमोर मोठ्याने प्रार्थना करू नका, त्या ब्रदरांच्या प्रेअर ग्रुपला तर त्याच्यासाठी प्रार्थनेचा विषय अजिबात देऊ नका. कधी तो स्वतः बोलायला बसला तर स्तोत्र ८८ काढून द्या. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी ‘पण देव चांगला आहे’ असं काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वाचून तो काहीच बोलला नाही तरी चालेल, तुम्हीही बोलू नका.

प्रेअर ग्रुप तुमच्या घरी येणं बंद करा. भांडण नको, ‘आता घरी नको’ एवढंच. ते कारण विचारतील, सांगायला तुम्ही बांधलेल्या नाही. पाळकसाहेबांना मात्र भेटा आणि स्मरणार्थ भक्तीला काय म्हटलं गेलं ते जसंच्या तसं सांगा, त्यांना माहीत नसण्याची शक्यता आहे. कार्ड फ्रीजवरून काढायचं की ठेवायचं विचारलंत, ते तुमच्यावर आहे. काढलंत तर देव रागावणार नाही. आणि वाचायचं झालं तर दोन महिने कॅलेंडर बाजूला ठेवून मार्क एका बैठकीत वाचा, दीड तासात होतो, वचनांचे आकडे न बघता.

एक राहिलं, आणि ते मला सगळ्यात तातडीचं वाटतं. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की त्याच ग्रुपमधल्या एका वयस्कर काकांना आता इन्सुलिन सोडून विश्वास दाखवायला सांगतायत आणि काकांनी एक डोस कमी पण केलाय. ताई, त्यांच्या मुलीला आजच फोन करा. घाबरू नका, तुम्ही कुणाच्या विश्वासात ढवळाढवळ करत नाही आहात. काय सांगितलं जातंय ते तिला सांगा, आज रात्रीच काकांची शुगर बघायला सांगा आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला सांगा. ती विचारेल तुम्हाला कसं माहीत, तर तुमच्या घरी काय झालं ते सांगा, हिज्कीयाचा लेप पण सांगा. काका बायबल मानतात, त्यांना ते कळेल.